पांघरूण निवडताना: लेबलावरचा टॉग आणि कोकणातली ओल

गेल्या काही वर्षांत दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या गावांत पर्यटकांसाठी घरगुती निवासाच्या खोल्या वाढल्या आणि त्या खोल्यांतल्या पलंगांवर पांढरीशुभ्र, फुगीर पांघरुणे दिसू लागली. दुकानदार त्यांना कधी कम्फर्टर म्हणतात, कधी ड्युवे. लेबलावर ‘२५० जीएसएम’, ‘१०.५ टॉग’, ‘सर्व ऋतूंसाठी’ असे काही ना काही छापलेले असते. गणपतीला येणारे चाकरमानीही गावच्या घरासाठी असे एखादे पांघरूण हौसेने घेऊन येतात. पहिल्या पावसाळ्यात त्याला कुबट वास येऊ लागतो, दुसऱ्या पावसाळ्यात त्यावर काळे ठिपके उमटतात, आणि मग ते पोटमाळ्यावर जाऊन घरातली जुनी गोधडी पुन्हा खाली येते. आमच्या घरीही हेच घडले. पांघरूण चांगले होते, किंमतही बऱ्यापैकी होती. ते निवडताना मी जे आकडे पाहिले, ते मात्र किनाऱ्यावरच्या हवेसाठी पुरेसे नव्हते. त्या आकड्यांचा अर्थ काय आणि त्यांत काय सांगायचे राहून जाते, हे समजून घेतले तर खरेदी बरीच सोपी होते.

पांघरुणाला स्वतःची ऊब नसते

‘ही गोधडी फार गरम आहे’ असे आपण सहज म्हणतो, पण रिकाम्या पलंगावर पसरलेली गोधडी खोलीइतकीच गार असते. उष्णता आपल्या अंगातून येते. झोपलेला प्रौढ माणूस साधारण ७० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे एखाद्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी. पांघरूण ती उष्णता जाण्याचा वेग कमी करते, इतकेच त्याचे काम. मासळीबाजारातला थर्माकोलचा खोका डोळ्यांसमोर आणावा. त्यात बर्फ ठेवला तर तो उशिरा वितळतो आणि गरम भाकऱ्या ठेवल्या तर त्या उशिरा निवतात. खोका स्वतः गारही नसतो आणि गरमही नसतो, तो फक्त आतले आत आणि बाहेरचे बाहेर ठेवतो.

ही अडवणूक प्रत्यक्षात कापूस करत नाही, कापसाच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा करते. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाणी तिच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. दडपून गेलेली गादी उसवून पिंजारी कापूस पुन्हा पिंजून द्यायचा, तेव्हा तो नवा कापूस घालत नसे. निघून गेलेली हवा परत भरून देत असे. फुगीर पांघरूण हलके असूनही उबदार का लागते आणि जड वाकळ तितकी उबदार का लागत नाही, याचे उत्तर यातच आहे. वाकळीत कापडाचे थर दाट धावदोऱ्याने एकमेकांवर घट्ट बसवलेले असतात, त्यामुळे तिच्यात वजन भरपूर असते आणि हवा बेताची.

टॉग म्हणजे काय?

पांघरूण उष्णतेला किती अडवते, ते मोजण्याचे एकक म्हणजे टॉग. इंग्लंडमधल्या मँचेस्टर येथील शर्ली इन्स्टिट्यूट या वस्त्रसंशोधन संस्थेत १९४० च्या दशकात ते ठरवले गेले, आणि कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका बोलीभाषेतल्या इंग्रजी शब्दावरून त्याचे नाव पडले. पांघरुणाच्या एका चौरस मीटरमधून १० वॅट उष्णता जात असताना त्याच्या दोन बाजूंच्या तापमानात १ अंशाचा फरक टिकत असेल, तर ते पांघरूण १ टॉगचे. फरक ४ अंशांचा टिकला तर ४ टॉगचे. ब्रिटनमध्ये साधारण ४.५ टॉगचे पांघरूण उन्हाळ्यासाठी, १०.५ च्या आसपासचे मधल्या ऋतूंसाठी आणि १३.५ चे कडक हिवाळ्यासाठी विकले जाते.

आता आपल्या किनाऱ्याचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. झोपलेल्या माणसाच्या त्वचेच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ४० वॅट उष्णता बाहेर पडते. त्यातली काही श्वासातून आणि त्वचेवरच्या ओलाव्याच्या वाफेतून जाते. उरलेली ३० वॅटच्या आसपास पांघरुणातून जावी लागते. त्वचा ३४ अंशांवर सुखात असते. रत्नागिरीत जानेवारीतल्या पहाटेचे किमान तापमान सरासरीने १९ अंशांच्या आसपास जाते, म्हणजे फरक १५ अंशांचा. ३० वॅटला १५ अंश, म्हणजे एकंदर ५ टॉग. त्यातला साधारण १ टॉग पांघरुणावर तरंगणारा स्थिर हवेचा पातळ थर फुकट देतो. उरले ४, आणि त्यातही अंगातल्या कपड्यांचा वाटा आहेच.

याचा अर्थ असा की ब्रिटनमध्ये जे पांघरूण उन्हाळ्याचे म्हणून विकतात, ते आपल्या किनाऱ्यावरच्या ऐन थंडीला पुरून उरते. पावसाळ्यातल्या २६ अंशांच्या रात्रीसाठी हाच हिशेब केला तर दीड-पावणेदोन टॉग पुरतात, म्हणजे एक सुती चादर किंवा पातळ दोहर आणि अंगातले कपडे. १०.५ टॉगचे पांघरूण कोकणात घेणे म्हणजे होडीला तारवाचा नांगर बांधण्यासारखे आहे. दापोलीच्या पठारावर किंवा आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर पहाट बरीच गार असते, तेथे एखादा थर वाढवावा लागेल. पण तो थर म्हणजे अंथरुणाच्या पायथ्याशी घडी करून ठेवलेली दुसरी चादर असली तरी चालते.

लेबल जे सांगत नाही

टॉगची मोजणी कोरड्या उष्णतेची आहे. अंगातून उष्णतेबरोबर पाणीही बाहेर पडत असते, आणि त्याचे काय होते हे तो आकडा सांगत नाही. घाम आलेला जाणवला नाही तरी त्वचेतून आणि श्वासातून मिळून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी वाफ होऊन जाते. त्यातला त्वचेचा वाटा पांघरुणातूनच वाट काढतो.

कोरड्या प्रदेशात ही वाट मोकळी असते, किनाऱ्यावर ती अडलेली असते. मातीचा माठ नागपूरकडे उन्हाळ्यात पाणी जितके थंड करतो तितके रत्नागिरीत करत नाही, हा अनुभव अनेकांना असेल. माठाच्या अंगातून झिरपलेल्या पाण्याची वाफ व्हायला हवेत जागा लागते, आणि आपली हवा आधीच भरलेली असते. पांघरुणाखालचा माणूस हा या अर्थाने माठच आहे. ३४ अंशांची हवा दर घनमीटरमागे साधारण ३७ ग्रॅम वाफ सामावू शकते. बाहेरची हवा २६ अंशांची आणि ८५ टक्के दमट असेल, आपल्या पावसाळ्यात ती तशी असतेच, तर तिच्यात २० ग्रॅमहून अधिक वाफ आधीच असते. त्याच तापमानाच्या पण ४० टक्के दमटपणाच्या हवेत फक्त १० ग्रॅमच्या आसपास असते. वाफेला पांघरुणाखालून बाहेर ढकलणारा जोर हा या दोन आकड्यांच्या फरकातून येतो. किनाऱ्यावर तो सतरा-अठराचा असतो, देशावरच्या कोरड्या रात्री सत्तावीस-अठ्ठावीसचा. त्यामुळे एकच पांघरूण सोलापूरला सुखद वाटते आणि वेंगुर्ल्याला चिकट वाटते. लेबलावरचा टॉग दोन्हीकडे तोच असतो.

म्हणून कोकणातल्या पांघरुणाकडे दोन प्रश्न घेऊन जावे: हे ओलाव्याचे काय करते, आणि हे स्वतः ओले झाल्यावर किती लवकर वाळते? गोम अशी की पहिल्या प्रश्नाचे चांगले उत्तर देणारा धागा दुसऱ्या प्रश्नात बहुधा नापास होतो.

धाग्यांचे स्वभाव

वस्त्रोद्योगात एक प्रमाणित चाचणी असते: ६५ टक्के दमट हवेत धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या किती टक्के पाणी धरून ठेवतो. सुती धागा सुमारे ८ टक्के धरतो, रेशीम ११ च्या आसपास, लोकर १६ च्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही.

सुती गोधडीचे सुख या ८ टक्क्यांत आहे. अंगातून एकदम जास्त वाफ आली की कापड ती थोडा वेळ स्वतःकडे ठेवते आणि हळूहळू बाहेर सोडते, त्यामुळे त्वचेजवळची हवा चिकट होत नाही. जुन्या नऊवारी लुगड्यांची गोधडी नव्या कापडाच्या गोधडीपेक्षा सरस लागते याचेही कारण आहे: शेकडो धुण्यांत कापडावरची खळ निघून गेलेली असते आणि धागा मोकळा झालेला असतो. परंतु हीच गोधडी भिजली तर दोन माणसांना पिळताना नाकी नऊ येतात आणि जुलैत ती आठवडाभर वाळत नाही. आमच्याकडे मृगापासून नवरात्र तोंडावर येईपर्यंत गोधड्या धुवायला काढत नसत, चुलीवरच्या दांडीवर नुसत्या शेकवत, तो आळस नव्हता.

कापूस भरलेली जाड रजई किनाऱ्यावर मला सर्वांत अयोग्य वाटते. ती ओलावा गोधडीसारखाच शोषते, आतला कापूस ओलाव्याने दबतो, हवा निघून जाते आणि गोळे होतात. धुता येत नाही आणि उन्हाशिवाय सुधारत नाही. थंड, कोरड्या प्रदेशात ती उत्तम आहे. बदकांच्या किंवा हंसांच्या मऊ पिसांची महागडी ड्युवे याच कारणासाठी टाळावीत. पिसांचे सारे मोल फुगवट्यात असते आणि दमट हवेत तो फुगवटाच बसतो.

लोकरीचे नाव काढले की कोकणातला माणूस हसतो, पण भातलावणीला घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेऊन चिखलात उभे राहणाऱ्या शेतकऱ्याला लोकरीचा गुण ठाऊक होता. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी धरूनही हाताला फारशी ओली लागत नाही. हलकी, पातळ लोकरी शाल जानेवारीत उत्तम. अडचण दोन गोष्टींची: कसर लागते, आणि ती घरी धुणे जिकिरीचे असते.

सावरीचा कापूस हे आपल्याकडच्या उशांचे जुने भरण. त्याचा तंतू पोकळ असतो आणि त्यावर मेणासारखा थर असल्याने तो पाणी सहजी धरत नाही. उशीसाठी तो चांगला; पांघरुणात मात्र त्याचा चुरा होतो आणि बारीक शिवणीतूनही तो बाहेर येतो.

राहिले पॉलिस्टर. नैसर्गिक ते चांगले आणि कृत्रिम ते वाईट, असा सोपा निवाडा येथे करता येत नाही. पॉलिस्टर ओलावा धरत नाही, म्हणून त्याच्याखाली घाम आला तर तो त्वचेवरच राहतो आणि अंग चिकचिकते. हा दोष खरा आहे. पण त्याच कारणाने ते यंत्रात पिळून काढल्यावर पंख्याखाली एका दिवसात वाळते आणि त्याच्या तंतूंत बुरशीला खायला काही नसते. पाहुण्यांच्या खोलीत, जेथे दर मुक्कामानंतर धुणे आवश्यक आहे, तेथे पातळ पॉलिस्टर भरण आणि त्यावर सुती खोळ ही जोडी सर्वांत व्यवहार्य आहे. खोळ त्वचेजवळचा ओलावा सांभाळते, भरण लवकर वाळते. ड्युवे आणि कम्फर्टर यांतला कामाचा फरकही हाच: ड्युवेला उशीच्या अभ्र्यासारखी वेगळी, काढता येणारी खोळ असते, कम्फर्टर एकसंध शिवलेला असतो. किनाऱ्यावर खोळवाले घ्यावे. मायक्रोफायबरची गुळगुळीत खोळ हाताला रेशमी लागते, पण तेही पॉलिस्टरच असते, हे लेबलावर तपासावे.

जीएसएम जास्त म्हणजे माल चांगला ना?

जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरमागे भरणाचे ग्रॅममधले वजन. ते वजन आहे, ऊब नव्हे. पोकळ पॉलिस्टर तंतूंचे १५० जीएसएम भरण दडपलेल्या कापसाच्या २५० जीएसएम भरणापेक्षा अधिक उबदार असू शकते. या आकड्याचा खरा उपयोग विक्रेत्याचा दावा पडताळण्यासाठी होतो. २२० बाय २४० सेंटिमीटरचे दुहेरी पांघरूण सव्वापाच चौरस मीटरच्या आसपास भरते. १५० जीएसएम असेल तर नुसते भरणच ८०० ग्रॅमच्या घरात हवे, कापडाचे वजन वेगळे. खोक्यावर एकूण वजन ७०० ग्रॅम लिहिले असेल तर दोन्हीपैकी एक आकडा खोटा आहे. किनाऱ्यावर पॉलिस्टर भरणात १०० ते १५० जीएसएमच्या पुढे जाण्याचे कारण नाही.

मग पांघरूण हवेच कशाला?

२७ अंशांच्या रात्री पंखा चारवर ठेवून वर चादर ओढणाऱ्यांची चेष्टा होते. ती अनाठायी आहे. पंखा पांघरुणावरचा स्थिर हवेचा थर उडवून लावतो, म्हणजे फुकट मिळणारा तो १ टॉग बराचसा जातो; चादर तो काही अंशी परत देते. शिवाय चादरीच्या बाहेरच्या बाजूला साचलेली वाफ पंखा वाहून नेतो, आणि उघड्या अंगावर थेट झोत बसत नाही. डासांचा बंदोबस्त होतो तो वेगळाच. दमट प्रदेशात पंखा आणि पातळ चादर ही शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर जोडी आहे.

पहाटेचे कारण याहून महत्त्वाचे. झोपेत शरीराचे आतले तापमान अर्धा ते एक अंश खाली उतरते. स्वप्ने पडतात त्या झोपेच्या टप्प्यात शरीराची तापमान सांभाळण्याची यंत्रणा मंदावते. घाम आणि हुडहुडी दोन्ही कमी होतात. हे टप्पे रात्रीच्या उत्तरार्धात अधिक लांब असतात, आणि नेमक्या त्याच वेळी थंडीच्या दिवसांत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो. दहा वाजता नकोसे झालेले पांघरूण चार वाजता चाचपडत शोधावे लागते ते यामुळे. एकच जाड पांघरूण या दोन वेळांना पुरे पडू शकत नाही. दोन पातळ थर पुरे पडतात, कारण त्यांतला एक झोपेतही पायाने दूर सारता येतो. नवरा-बायकोंपैकी एकाला उकडत असेल आणि दुसऱ्याला गार वाटत असेल तर दुहेरी पांघरुणाचा हट्ट सोडून दोन एकेरी घ्यावीत. घराघरांतली बरीच भांडणे इतक्यावर मिटतील.

एसी असल्यावर तरी जाड चालेल?

एसी हवेतली वाफही काढून टाकतो, त्यामुळे बंद खोलीत चिकटपणाची तक्रार उरत नाही, हे मान्य. पण एसी १८ वर ठेवून जाड पांघरुणात शिरणे म्हणजे आधी पैसे देऊन उष्णता बाहेर काढायची आणि मग पैसे देऊन ती अंगाजवळ अडवायची. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार २०२० पासून नव्या एसींचे सुरुवातीचे तापमान २४ अंशांवर ठरवून दिलेले असते, आणि याच ब्युरोच्या हिशेबाने दर एक अंश वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. २४ ते २६ वर एसी आणि एक पातळ दोहर पुरते. शिवाय कोकणात पावसाळी वाऱ्यात मध्यरात्री वीज जाते, आणि त्यानंतर बंद खोलीत जाड पांघरुणाखाली काय होते हे ज्याने सोसले त्याला आकड्यांची गरज नाही.

लहान मुले, म्हातारी माणसे, दमेकरी

वर्षाच्या आतल्या बाळाला कोणतेही सैल पांघरूण घालून झोपवू नये, मग ते कितीही हलके असो. ते तोंडावर येण्याचा धोका असतो. अंगभर सुती कपडे पुरेसे असतात. वृद्धांचे हातपाय लवकर गार पडतात, पण त्यांना जड पांघरूण कुशीवर वळताना त्रासाचे होते. त्यांना पायमोजे आणि हलकी शाल बरी. दम्याचा किंवा सकाळी शिंकांचा त्रास असलेल्यांनी धुळीतल्या माइट या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा विचार करावा. माणसाच्या त्वचेचा कोंडा हे त्यांचे अन्न आणि दमट हवा हे त्यांचे पाणी. ७० टक्क्यांच्या वरच्या दमटपणात ते फोफावतात. ६० अंशांच्या पाण्यात धुतल्यावर ते मरतात. हे तापमान सोसणारी सुती खोळ अशा घरात जाड भरणापेक्षा कितीतरी मोलाची.

वाळवणे आणि ठेवणे

दुकानात पांघरूण हातात आले की प्रथम त्याची घडी आपल्या धुलाई यंत्रात सैलपणे मावेल का, याचा अंदाज घ्यावा. कोंबून बसवावे लागत असेल तर ते नीट धुतले जाणार नाही आणि पिळलेही जाणार नाही. पावसाळ्यात धुवायचेच असेल तर दोनदा पिळून, दोन दांड्यांवर तंबूसारखे पसरून पंखा लावावा. एकाच दांडीवर दुमडून टाकले तर आतली बाजू ओलीच राहते आणि वास तेथूनच सुरू होतो. सकाळी उठल्याबरोबर पांघरुणाची घडी घालू नये. रात्रभरातली वाफ त्यातच असते; अर्धा तास उघडे पसरून ठेवावे आणि मग घडी करावी.

पावसाळ्यापूर्वी जाड पांघरुणे ठेवून द्यायची तर मे महिन्यातच, कडक ऊन देऊन आणि नंतर सावलीत निववून ठेवावीत. गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत भरली तर आतली दमट हवा रात्री निवते आणि तिचे पाणी पिशवीच्या आतल्या बाजूला धरते. सुती धोतरात गुंडाळून, भिंतीपासून चार बोटे दूर, लाकडी पेटाऱ्यात ठेवलेले पांघरूण अधिक टिकते. डांबरगोळ्यांनी कसर दूर राहते, बुरशी मात्र दूर राहत नाही. तिच्यासाठी पावसाने उघडीप दिली की तासाभरासाठी पेटाऱ्याचे झाकण उघडायचे.

पोटमाळ्यावरचे आमचे ते फुगीर पांघरूण यंदा नवरात्राआधी खाली काढले, उन्हात टाकले आणि उसवले. भरण अजून शाबूत होते. त्यातले निम्मे दोन जुन्या सुती साड्यांच्या मध्ये घालून हलकी गोधडी शिवून घेतली आहे, आणि उरलेल्या निम्म्याच्या उशा झाल्या.